कोणी पाहत नसतानाची शिस्त

मुलांना शिस्त कशी लावावी, हा विषय निघाला की आपल्या घरांत दोन सूर हमखास ऐकू येतात. एक सूर वडीलधाऱ्यांचा असतो: आम्ही मार खाऊनच मोठे झालो, आमचे काय वाईट झाले? दुसरा सूर नव्या आई-वडिलांचा: आम्ही मुलाला बोटही लावत नाही, त्याला हवे ते करू देतो. ऐकायला हे दोन्ही सूर एकमेकांविरुद्ध वाटतात. पण त्यांच्या मुळाशी समजूत एकच आहे. शिस्त म्हणजे मार, आणि मार नाही म्हणजे शिस्त नाही. ही समजूतच एकदा तपासून पाहावी, असे आम्हाला वाटते.

कारण दोन्हींचे परिणाम आपण रोज पाहतो. धाकातले मूल अब्बांच्या मोटारसायकलचा आवाज आला की पुस्तक उघडते आणि ते बाहेर पडले की मिटते. लाडातले मूल मोबाइल काढून घेतला की जमिनीवर लोळण घेते आणि पाच मिनिटांत तोच मोबाइल परत मिळवते. पहिल्याला आपण आवाज ओळखायला शिकवले, दुसऱ्याला रडायला. चांगले-वाईट ओळखायला दोघांनाही शिकवायचे राहूनच गेले.

शिस्त नेमकी कशासाठी?

याचे उत्तर रोजाच्या उदाहरणातून चांगले समजते. रमजानमध्ये आठ-नऊ वर्षांचे मूल हट्टाने रोजा धरते. दुपारी घरात सामसूम असते. माठ समोर आहे, घसा कोरडा पडला आहे आणि पाहणारे कोणी नाही. अशा वेळी ते मूल पाणी पिते की नाही, हे कोणत्याही छडीच्या हाती नसते. रोजा ही इबादतच अशी आहे, की ती धाकाने पाळून घेता येत नाही. चूळ भरताना दोन घोट गिळले तरी जगात कोणाला कळणार नाही. पवित्र कुरआनच्या सूरह बकरामध्ये रोजाचा उद्देश सांगितला आहे तो ‘तकवा’ हाच, म्हणजे अल्लाहची जाणीव ठेवून स्वतःला सांभाळणे. माणूस एकटा असताना कसा वागतो, तिथे तकवाची कसोटी लागते.

आपल्याला मुलांत हेच रुजवायचे असेल, तर शिस्तीचे साधनही त्याला साजेसे हवे. फटका मुलाची नजर फटका देणाऱ्या हाताकडे वळवतो. हात दूर गेला की नियमही दूर जातो. दहा वर्षे अशी गेली, की मूल एका गोष्टीत तरबेज होते: सापडायचे नाही.

लहान मुलांच्या रोजाविषयी एक सुंदर रिवायत सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये आहे. हजरत रुबय्यि बिन्त मुअव्विज (रजि.) सांगतात, की आशुराच्या दिवशी मदीनेतील लोक स्वतः रोजा धरत आणि आपल्या मुलांनाही धरायला लावत. मूल भुकेने रडू लागले की त्यांच्यासाठी केलेले लोकरीचे खेळणे त्याच्या हाती देत, इफ्तारची वेळ होईपर्यंत. रोजा मुलांकडून अपेक्षित होता, पण रडणाऱ्या मुलाला दरडावण्याऐवजी त्यांनी आधीच बसून लोकरीची खेळणी तयार केली होती. अपेक्षा सोडायची नाही आणि मुलाला ती झेपेल अशी सोयही करायची, ही मायेच्या शिस्तीची रीत या एका रिवायतीत दिसते.

प्रेषितांची (स.) रीत

मुलाची चूक समोर आल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) काय करत, याचे तीन प्रसंग आम्हाला विशेष उपयोगी वाटतात, कारण ते तिन्ही अगदी घरगुती आहेत.

पहिला प्रसंग जेवणाचा. उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचे पहिल्या पतीपासूनचे चिरंजीव उमर प्रेषितांच्या (स.) घरी वाढत होते. एकदा सर्वजण एका थाळीत जेवत असताना त्यांचा हात थाळीभर फिरू लागला. प्रेषितांनी (स.) प्रेमाने हाक मारून त्यांना तीन गोष्टी सांगितल्या: अल्लाहचे नाव घे, उजव्या हाताने खा आणि आपल्या पुढ्यातले खा. ‘तुला कळत नाही का’ नाही, ‘लोक काय म्हणतील’ नाही. काय करू नको हे सांगत बसण्यापेक्षा काय करायचे ते सांगितले. पुढे मोठेपणी हजरत उमर (रजि.) सांगत, की त्या दिवसापासून माझी जेवण्याची पद्धत तीच राहिली. तीन छोट्या सूचनांचा परिणाम आयुष्यभर टिकला.

दुसरा प्रसंग नातू हजरत हसन (रजि.) यांचा. सदक्याच्या खजुरांतला एक खजूर त्यांनी तोंडात टाकला. प्रेषितांच्या (स.) घराण्याला सदका खाणे वर्ज्य होते. त्यांनी ‘छी छी’ म्हणावे तशा लहान मुलांच्या भाषेत लगेच थांबवून तो खजूर टाकायला लावला आणि आपण सदका खात नाही, हे कारणही सांगितले. मूल लहान आहे, एका खजुराने काय होते, असे म्हणून सोडून दिले नाही. मायेची शिस्त म्हणजे सूट, असे समजणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर ध्यानात ठेवावा. नियम पक्का होता, आवाज मऊ होता आणि कारण स्पष्ट होते.

तिसरा प्रसंग हजरत अनस (रजि.) यांचा. ते लहानपणी प्रेषितांच्या (स.) सेवेत होते. एकदा त्यांना कामाला पाठवले, तर वाटेत बाजारात मुले खेळताना दिसली आणि ते तिथेच रेंगाळले. आपल्याकडेही किराणा आणायला गेलेला मुलगा गल्लीतल्या क्रिकेटमध्ये रमतो, तसेच. इतक्यात मागून कोणीतरी त्यांची मान धरली. वळून पाहतात तो प्रेषित (स.) हसत उभे! त्यांनी लाडाच्या नावाने हाक मारून विचारले, सांगितले तिथे गेलास का? हजरत अनस (रजि.) म्हणाले, हो, हा निघालोच. कामाची आठवण झाली, काम झाले, आणि चारचौघांत मुलाची फजितीही झाली नाही. हेच हजरत अनस (रजि.) पुढे सांगत, की दहा वर्षांच्या सेवेत प्रेषितांनी (स.) मला कधी ‘उफ’ म्हटले नाही, की हे का केलेस आणि ते का नाही केलेस असा जाब विचारला नाही.

हजरत आयशा (रजि.) यांची साक्षही सहीह मुस्लिममध्ये आहे: अल्लाहच्या मार्गातील लढाई सोडली, तर प्रेषितांनी (स.) आपल्या हाताने कधी कोणाला मारले नाही, ना स्त्रीला, ना सेवकाला.

मग दहा वर्षांची हदीस?

इथे वाचकांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असेल, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सुनन अबू दाऊदमध्ये हदीस आहे, की मुले सात वर्षांची झाली की त्यांना नमाजचा हुकूम द्या आणि दहा वर्षांची झाली की नमाज सोडल्याबद्दल मारा. घरातल्या आणि मकतबमधल्या माराचे समर्थन करताना सर्वांत जास्त आधार याच हदीसचा घेतला जातो.

ही हदीस पूर्ण वाचू या. तिच्यात पहिला शब्द मारण्याचा नाही, सांगण्याचा आहे. सात ते दहा म्हणजे तीन वर्षे. दिवसाला पाच नमाजा धरल्या, तर पाच हजारांहून अधिक वेळा मुलाला हाक मारायची, सोबत घ्यायचे, वजू शिकवायचे, शेजारी उभे करायचे. ही पाच हजार आमंत्रणे किती घरांत दिली जातात? अब्बा स्वतः टीव्हीसमोर बसून ‘जा, नमाज पढ’ म्हणतात, त्याला आम्ही आमंत्रण धरत नाही. शिवाय ही हदीस नमाजविषयी आहे. परीक्षेतले गुण, फुटलेला कप, सांडलेले दूध किंवा पाहुण्यांसमोर उलटून बोलणे, यासाठी तिचा दाखला देणे हदीसवरच अन्याय करणारे आहे.

फिकहच्या विद्वानांनी या परवानगीला घातलेल्या मर्यादाही फार कडक आहेत. तोंडावर मारायचे नाही, वळ उठेल किंवा इजा होईल असे मारायचे नाही, रागाच्या भरात स्वतःचा संताप शमवण्यासाठी मारायचे नाही. १३व्या शतकातील शाफिई विद्वान इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी तर एक नेमका प्रश्न घेतला आहे: एखादे मूल जोरात मारल्याशिवाय सुधारतच नसेल, तर जोरात मारावे का? त्यांचे उत्तर असे, की जोरात तर नाहीच, मग हलकेही मारू नये. मार हे सुधारणेचे केवळ साधन. साधनाने हेतू साधत नसेल तर ते साधन वापरण्याचे कारणच उरत नाही. आपल्या कोकणातील शाफिई घराण्यांसाठी हे तर आपल्याच मसलकच्या मोठ्या इमामाचे मत आहे.

आता स्वतःला विचारावे: गेल्या वेळी आपला हात उठला, तेव्हा तो या मर्यादांत बसत होता का? दिवसभराचा थकवा, दुकानातला तोटा, शेजारणीचे बोलणे, यांतले काय त्या फटक्यात मिसळलेले होते? सहीह मुस्लिममधील हजरत अबू मसऊद (रजि.) यांचा प्रसंग इथे आठवतो. ते गुलामाला मारत असताना मागून प्रेषितांचा (स.) आवाज आला, की तुझी या गुलामावर जितकी सत्ता आहे, त्याहून अधिक अल्लाहची तुझ्यावर आहे. त्यांनी त्या गुलामाला तिथेच मुक्त केले. लेकरू तर गुलाम नाही, अमानत आहे.

मार काय शिकवतो

इब्न खलदून यांनी १३७७ साली लिहिलेल्या ‘मुकद्दमा’ या ग्रंथात विद्यार्थ्यांवरील सक्तीबद्दल एक स्वतंत्र प्रकरण आहे. सक्तीत वाढलेले मूल आळशी होते, त्याच्या मनाचा विकास खुंटतो आणि अंगावर हात पडण्याच्या भीतीने ते खोटे बोलायला व कावेबाजपणा करायला शिकते. पुढे हीच त्याची सवय आणि स्वभाव बनतो, असे ते सांगतात. सहाशेहून अधिक वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजच्या अभ्यासांशी जुळते. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या अमेरिकी अभ्यासकांनी २०१६ साली ७५ अभ्यासांतील १ लाख ६० हजारांवर मुलांची माहिती एकत्र तपासली. मुलांना हाताने फटके देण्याचा संबंध त्यांना अधिक आक्रमकपणा, अधिक बेशिस्त आणि मानसिक त्रास यांच्याशी आढळला. मुलांचे वागणे सुधारल्याचे मात्र आढळले नाही.

आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती आणखी एका गोष्टीची. ‘अब्बांना कळले तर मारतील’ हे वाक्य ज्या मुलाच्या मनात पक्के बसले आहे, ते मूल स्वतःची चूक लपवते आणि दुसऱ्याने केलेला अत्याचारही लपवते. कोणी नको तिथे हात लावला, मोबाइलवर कोणी घाणेरडे फोटो मागितले, कोणी धमकावून पैसे उकळले, तर अशा वेळी मुलाने धावत यायचे कोणाकडे? मुले अशी गोष्ट सांगायला येतात तेव्हा बहुधा स्वतःच घाबरलेली असतात, कारण त्यांनाही कुठेतरी आपलेच चुकले असे वाटत असते. घरात चुकीची किंमत मार असेल, तर ती गप्प राहतात. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा हेल्पलाइन क्रमांक आहे आणि तो मुलांना पाठ असावा. पण त्यांचा पहिला क्रमांक अम्मीचा आणि अब्बांचा असला पाहिजे.

तौबाच्या पायऱ्या, मुलांच्या मापाने

मारायचे नाही, मग करायचे काय? उत्तर आपल्या दीनमध्येच आहे. उलमांनी तौबाच्या अटी सांगितल्या आहेत: ते कृत्य थांबवणे, त्याचे वाईट वाटणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे आणि दुसऱ्याचा हक्क बुडाला असेल तर तो परत करणे. बालिग होईपर्यंत मुलाच्या नावावर गुनाह लिहिला जात नाही. पण चूक झाल्यावर काय करायचे असते, ही सवय आतापासून लावता येते. एक फटका यांतली जेमतेम पहिली अट पूर्ण करतो, तीही तात्पुरती.

समजा, मुलाच्या चेंडूने शेजाऱ्यांची कुंडी फुटली. खेळ थांबला. आता मुलाला घेऊन शेजाऱ्यांच्या दारात जावे. बोलायचे मुलाने, आपण शेजारी उभे राहायचे. मग ईदीच्या किंवा खाऊच्या पैशांतून नवी कुंडी आणावी, माती भरावी, रोप लावावे. शेवटी पुढे कुठे खेळायचे ते त्यालाच ठरवू द्यावे. या सगळ्याला तासभर लागेल. फटका मारायला दोन सेकंद लागतात. पण त्या दोन सेकंदांत मूल फक्त इतकेच शिकते, की पुढच्या वेळी कुंडी फुटली तर पळायचे.

पाकिटातून वीस रुपये घेतले, तर ते परत करायचे आणि कशासाठी हवे होते ते सांगायचे. धाकट्या बहिणीला मारले, तर आधी दोघांना वेगळे करायचे, मग तिचे रडणे थांबेल असे काहीतरी त्याने करायचे. भिंतीवर रेघोट्या मारल्या, तर ओले फडके त्याच्याच हातात. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त मोबाइल पाहिला, तर दुसऱ्या दिवशीच्या वेळेतून तेवढी मिनिटे कमी. चूक आणि परिणाम यांचे नाते मुलाला दिसले पाहिजे. गृहपाठ केला नाही म्हणून जेवण बंद, यात असे कोणते नाते आहे?

काही पथ्ये

नियम थोडे असावेत आणि आधी सांगितलेले असावेत. घरात पंचवीस नियम असतील, तर मुलाला एकही आठवणार नाही. नमाजची वेळ, खरे बोलणे, कोणाला न मारणे, मोबाइलची वेळ, झोपण्याची वेळ: अशा पाच-सहा गोष्टी पक्क्या कराव्यात. बाकीच्या गोष्टींत मुलाला मूल राहू द्यावे.

दिलेला शब्द पाळावा. अबू दाऊदमध्ये प्रसंग आहे, की एका आईने मुलाला ‘ये, तुला काही देते’ म्हणून बोलावले. प्रेषितांनी (स.) विचारले, काय द्यायचा विचार होता? त्या म्हणाल्या, खजूर. तेव्हा त्यांनी सांगितले, की काही दिले नसते तर तुमच्या नावावर एक खोटे लिहिले गेले असते. आपण ‘पोलीस येईल’, ‘बाबा घेऊन जाईल’, ‘उद्या नक्की आणतो’ असे दिवसभर बोलत असतो. धमकीही शब्दच आहे. ‘पुन्हा केलेस तर ईदला नवे कपडे नाहीत’ असे म्हणून ईदला नवे कपडे घेतले, की मुलाला कळते: यांच्या बोलण्यावर जायचे नसते. जे करणार नाही, ते बोलूच नये.

समजवायचे ते एकांतात. इमाम गझाली यांनी ‘इह्या’मध्ये मुलांच्या तरबियतीबद्दल लिहिताना सल्ला दिला आहे, की एखादी चूक पहिल्यांदा झाली आणि मूल स्वतःच ती झाकू पाहत असेल, तर पडदा फाडू नये. पुन्हा झाली तर एकांतात समज द्यावी. आणि उठता-बसता बोलत राहू नये, कारण मग बोलणी ऐकण्याचेही मुलाला काही वाटेनासे होते. खाला, मामू, चाची जमलेल्या असताना ‘बघा ना, हा असाच आहे’ म्हणून मुलाचा पाढा वाचणे, हा मारापेक्षा कमी घाव नव्हे. चुलत भावाच्या गुणांशी तुलना करणेही तसेच. जिभेचा आणखी एक धोका आहे. प्रेषितांनी (स.) आपल्या मुलांविरुद्ध बददुआ करू नका असे बजावले आहे, कारण ती घटका कबूल होण्याची असू शकते. ‘मरत का नाहीस’, ‘तुझे कधी भले होणार नाही’ असे शब्द आपल्या गल्ल्यांत किती सहज उच्चारले जातात!

राग आला असेल तर निर्णय पुढे ढकलावा. उभे असाल तर बसा, तरी शमला नाही तर आडवे व्हा, ही शिकवण आपल्याला ठाऊक आहे. ती सर्वांत आधी मुलांच्या बाबतीत वापरावी. ‘आत्ता मला राग आलाय, आपण मगरिबनंतर बोलू’ असे म्हटल्याने आई-वडिलांचा दरारा कमी होत नाही. उलट राग आल्यावर माणसाने काय करायचे असते, याचा पाठ मूल समोर पाहते.

मुलगा-मुलगी एकाच मापाने मोजावीत. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी एकाच मुलाला देणगी दिली, तेव्हा प्रेषितांनी (स.) सर्व मुलांत न्याय करण्याची ताकीद दिली. तोच न्याय शिस्तीलाही लागू आहे. भाऊ उलटून बोलला तर ‘मुलगाच आहे’, बहीण बोलली तर ‘सासरी काय करशील’: मुलांना हा अन्याय फार लवकर समजतो आणि तो ती विसरत नाहीत.

घरात शब्द एक असावा. अम्मीने मोबाइल ठेवायला सांगायचा आणि दादीने कुशीत घेऊन आपला द्यायचा, असे झाले की नियम संपला. दादी-दादांना दोष देण्याऐवजी नियम ठरवताना त्यांनाही बसवून घ्यावे. त्यांच्या मायेला जागा हवीच; गोष्टी सांगायला, दुआ शिकवायला, समजूत घालायला त्यांच्याइतके कोणी नाही.

आणि चांगले केलेलेही पाहावे. न सांगता चपला जाग्यावर ठेवल्या, धाकट्याला आपला वाटा दिला, फजरला पहिल्या हाकेला उठले, तर ते बोलून दाखवावे. ‘शाब्बास’पेक्षा ‘तू बहिणीला पाणी दिलेस ते मी पाहिले’ हे वाक्य मुलाला अधिक काळ पुरते.

वयाचे भान

दोन-तीन वर्षांच्या मुलाला समजावण्यापेक्षा वस्तू हलवणे सोपे. काचेचे भांडे उंचावर ठेवले की निम्मी भांडणे मिटतात. चार ते सात या वयात मुले पाहून शिकतात. वजू करताना शेजारी उभे केले तर वेगळा धडा लागत नाही. आठ ते बारा या वयात कारणे हवी असतात, म्हणून कारणे द्यावीत. पवित्र कुरआनमध्ये हजरत लुकमान आपल्या मुलाला उपदेश करतात, तेव्हा ‘माझ्या बाळा’ अशी मायेची हाक पुन्हा पुन्हा येते आणि अनेक सूचनांबरोबर कारणही येते. तेरा वर्षांनंतर हुकमापेक्षा सल्लामसलत चालते. कुर्बानीइतक्या मोठ्या आज्ञेच्या वेळीही हजरत इब्राहीम (अ.) यांनी आपल्या मुलाला त्याचे मत विचारले होते. मग ट्यूशन कोणती लावायची, हे मुलीला विचारायला आपल्याला अडचण का वाटावी?

मकतबच्या दारात

मुलाला उस्तादांकडे सोडताना ‘मांस तुमचे, हाडे आमची’ म्हणण्याची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून आहे. ती आता थांबली पाहिजे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्या कायद्यातून वगळल्या गेल्या. पण याचा अर्थ तिथे मारायला मोकळीक आहे असा नाही. मूल ज्याच्या देखरेखीखाली आहे त्याने त्याला मारहाण केली किंवा विनाकारण यातना होतील असे वागवले, तर बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा हा शेवटचा उपाय झाला. त्याआधी पालकांनी उस्तादांना भेटून आदराने सांगावे, की मुलाचे काही चुकले तर आम्हाला कळवा, हात उचलू नका. आणि मकतबमध्ये चाळीस-पन्नास मुलांना एकच उस्ताद अपुऱ्या मानधनावर शिकवत असतील, तर जमाअतने आणखी एक शिक्षक नेमण्याचा विचार करावा. थकलेल्या माणसाकडून सब्रची अपेक्षा करताना त्याचा भार हलका करणेही आपलेच काम आहे.

सूरह आले इम्रानमध्ये प्रेषितांना (स.) उद्देशून म्हटले आहे, की तुम्ही कठोर आणि कठीण मनाचे असता, तर लोक तुमच्या भोवतालून पांगले असते. ज्यांच्या एका शब्दावर सहाबा जीव ओवाळून टाकत, त्यांच्याबाबत हे सांगितले गेले. मग आपल्या कठोरपणाने आपली मुले पांगणार नाहीत, असे आपण कोणत्या भरवशावर मानतो? पांगलेले मूल घर सोडून जातेच असे नाही. ते त्याच घरात, त्याच दस्तरख्वानवर बसते, फक्त काही सांगत नाही.

म्हणून मुलाच्या शिस्तीची परीक्षा घ्यायची असेल, तर ते आपल्यासमोर किती गप्प बसते हे पाहू नये. हातून काही चुकले की ते आपल्यापासून दूर पळते की आपल्याकडे येते, हे पाहावे. आणि ज्या दिवशी ते स्वतःहून येऊन ‘अम्मी, माझ्याकडून असे झाले’ म्हणेल, त्या दिवशी पहिले वाक्य जपून बोलावे: ‘खरे सांगितलेस, बरे केलेस. आता हे नीट कसे करायचे ते बघू.’